दादाचा फलाट

रविवार, २१ जानेवारी. सकाळी दहा. जागा : जालना, मस्तगड, आमच्या घराची वरची खोली.

हजर : मी. माझा नवरा. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून तयार. मामांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, धावड्याहून पहिल्या एसटीने आलेले. काकू, तुरीच्या शेंगांच्या पिशवीसह.

मुद्दाम गैरहजर : शेजारचं मांजर. ते बोगद्यात झोपतं.

ही नोंद माझ्या वहीत तशीच आहे. मी एका बियाण्यांच्या कंपनीत भांडार सांभाळते, त्यामुळे काय आलं, काय गेलं आणि कोण समोर होतं हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवसाचा कार्यक्रमही लिहिलेला होता. दहा वाजता पोहे. दहा वीसला रूळ पुसणे. साडेदहाला मामांनी हिरवी झेंडी दाखवणे. दहा पस्तीसला गाडी धावडा स्टेशनात. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. प्रत्यक्षात गाडी दीड वाजता आली. एवढ्या वेळात जालन्याहून खरी गाडी परतूरच्या पुढे कुठल्या कुठे जाते.

परतूर म्हटलं म्हणून सांगते. माझं माहेर आष्टी. लहानपणी वडिलांबरोबर परतूरला गेले की स्टेशनवर मालगाडीचे डबे मोजायचे आणि घरी येऊन पाटीवर लिहायचे. पन्नाशी जवळ आल्यावर मी तीच हौस घरात आणली. लोखंडी पलंगावर आठ बाय चारची प्लायची फळी, तिच्यावर गोल फिरणारे रूळ, एक निळं इंजिन आणि तीन डबे. खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग, म्हणजे माणूस दोन सेंटिमीटरचा. माझा बेत साधा होता. परतूरसारखं एक स्टेशन, एक मालधक्का, एक बोगदा, बाकी माळरान. यादीत एकोणीस कामं होती.

मामा रोज संध्याकाळी वर येऊन खुर्चीत बसायचे आणि बघायचे. आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, ही गाडी धावड्याहून न्हेता येईल का?"

"मामा, धावड्याला रेल्वे नाही."

"तेच म्हणून राह्यलो."

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी धावड्याला दोन माणसं लाल-पांढरी काठी घेऊन आली होती. त्यांनी मामांच्या रानात चुन्याच्या खुणा केल्या, चहा प्यायला, मोसंबीला हात लावून "चांगली आहे" म्हणाले आणि गेले. कुणाची माणसं, कशाची खूण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. मामांनी स्वतःच ठरवलं की रेल्वे येणार. मग त्यांनी खुणेवरच्या त्या पट्टीत झाड लावलं नाही, विहीर खोदली नाही, गोठा बांधला नाही. गाडी आली की पाडावं लागेल म्हणून. काकांनी त्या मोकळ्या पट्टीला 'दादाचा फलाट' असं नाव दिलं. ते गावात असं रुळलं की आजही धावड्यात कुणी विचारलं, "शेळ्या कुठं हायेत?" तर उत्तर येतं, "फलाटावर."

मामांना गाव सोडून आमच्याकडे येऊन बारा वर्षं झाली, पण हा फलाट त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "एकदा गाडी थांबली पाह्यजे त्या पट्टीवर. आन् धाकल्यानं ती पाहून म्हणलं पाह्यजे, की आली. बस. बाकी माझं काही म्हणणं न्हाई."

मी वही उघडली. 'परतूर' खोडलं, 'धावडा' लिहिलं.

बाकी मामांचं काही म्हणणं नव्हतं, हे खोटं निघालं. त्यांचं प्रत्येक गोष्टीत म्हणणं होतं. मी चहाचा चोथा वाळवून नांगरट केली, तर ते म्हणाले नांगरट उताराला आडवी पाहिजे. मी जुन्या दात घासायच्या ब्रशचे केस कापून मका उभा केला, तो त्यांनी पास केला. कापसाचे बारीक गोळे चिकटवून कपाशी केली, ती नापास केली.

"ही कपाशी हाये का गादी फाटली?"

"मामा, यापेक्षा लहान गोळा बोटात धरता येत नाही."

"मंग कपाशी नको. तूर लाव."

शेवटी आमचं खरं भांडण मातीवरून झालं. या कामात माती चाळून, भाजून, मग पातळ डिंकात बसवायची असते. भाजली नाही तर तिच्यात ओल राहते आणि बी राहतं. मी भुशासारखी कुठलीही माती वापरणार होते. मामांनी ठरवलं की धावड्याच्या रानात धावड्याचीच माती पाहिजे. दसऱ्याला गावी गेले तेव्हा ते दोन पिशव्या भरून घेऊन आले. एका पिशवीत तांबूस, मुरमाड माती, दुसरीत काळीभोर. मी कढई गॅसवर ठेवली.

"हे काय?"

"माती भाजते."

"आपल्या रानातली माती भाजायची? ती काय शेंगदाणे हाये?"

नवऱ्याने मध्ये पडून सांगितलं, "तुझ्या कढईत नंतर भाजी व्हायची असते." मला हा मुद्दा पटला, आणि इथेच मी चूक केली. बियाण्यांच्या भांडारात वीस वर्षं ओल मोजणारी बाई मी. पण वहीत 'माती भाजणे' खोडून समोर लिहिलं, 'मामांचा विरोध'.

महिन्याभरात रुळांच्या मधून लव्हाळा उगवला. इंजिनापेक्षा उंच. मी तो उपटायला गेले तर मामा खुर्चीतून उठले. "राहू दे, राहू दे. रान जितं हाये." दोन दिवस ती गाडी लव्हाळ्याला वळसा घालू शकत नाही म्हणून उभी होती. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तो उपटला आणि मांजरावर नाव ढकललं.

तर असं सगळं होऊन तो रविवार उगवला. फळीवर मामांचं रान अडीच फूट, मग बांध, मग काकांचं रान दीड फूट. मागून रूळ. मामांच्या रानात बांधाला लागून पुठ्ठ्याचा फलाट, पिवळी पाटी, पाटीवर 'धावडा'. ती अक्षरं मी भिंग लावून लिहिली होती. मामांच्या हातात झेंडी. पोहे झाले. सगळे वर आले.

काका दारात उभे राहिले. टोपी नीट केली. इंजिनाकडे बघितलं नाही, पाटीकडे बघितलं नाही. म्हणाले, "बांध सरकलाय."

मग मामा म्हणाले, "काय म्हणला?"

"बांध. दोन बोटं माझ्याकडं सरकवलाय, दादा. न्हाई म्हणू नको."

"लाकडाची फळी हाये ही!"

"फळी असंल. पर बांध माझा हाये. आन् माझं रान इथंच कसं काय संपलं? माझी विहीर कुठंय?"

मी पुढे झाले. "काका, पुढे फळी संपली. बाकीचं रान गॅलरीत आहे असं समजा."

काकांनी गॅलरीत डोकावून बघितलं. तिथे आमचे टॉवेल वाळत होते. "बरं," ते म्हणाले, "विहिरीचं राहू दे. बांधाचं बोला. दोन बोटं म्हणजे खऱ्यात किती?"

हे मला विचारायला नको होतं, कारण मला सांगता आलं. "साधारण दहा फूट."

"दहा फूट!" काका कॉटच्या कडेला बसले आणि काकूंकडे वळले. "ऐकलं का? दहा फूट खाल्ले तुह्या जेठानं."

काकू भिंतीशी शेंगांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, तुम्ही गाडी पाह्याला आल्ते ना? ती पाहा की."

"बांध बराबर झाल्याबिगर गाडी न्हाई." असं म्हणून काकांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि रुळांवर ठेवली. इंजिनाच्या चार बोटं पुढे. आमच्या घरातलं ते पहिलं रेल रोको.

मामांचा चेहरा लाल झाला होता. "मोजणी कर, सूनबाई. वहीत असंल ना? आकडा दाखव त्याला. जल्दी."

वहीत होतं. आलेखाच्या कागदावर पूर्ण आराखडा होता, डाव्या कडेपासून बांध पंच्याहत्तर सेंटिमीटरवर. माझी खात्री होती. मी फीत धरली, एक टोक नवऱ्याने, एक मी. काका वाकून, मामा वाकून. अठ्ठ्याहत्तर आणि अर्धा.

मी पुन्हा मोजलं. अठ्ठ्याहत्तर आणि अर्धा.

"लिही वहीत," काका म्हणाले. "साक्षीदार म्हणून माझी सही घे."

मामा खाली बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. चाळीस वर्षं ज्या माणसाने थट्टा केली त्याच्यासमोर आज गाडी आणायची होती, आणि इथे ते स्वतःच चोर ठरत होते. "मी न्हाई सरकवला," ते एवढंच म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मीही सरकवला नव्हता. भांडारात एखादी वस्तू जागेवर नसली की मी आधी माणसांवर संशय घेत नाही, आधी मांडणी बघते. मी भिंग आणलं.

बांधाच्या मामांच्या बाजूला, फलाटाच्या मागे, ब्रशच्या मक्याच्या आडोशाला एक भेग होती. दोन बोटं जातील एवढी. मी फीत तिच्यात घातली. बरोबर साडेतीन सेंटिमीटर.

"काका, बांध कुणी सरकवला नाही. तुमची काळी माती वाळली आणि आक्रसली. ती त्या टोकाला घट्ट चिकटलेली आहे, म्हणून आक्रसताना तिने बांध आपल्याकडे ओढून घेतला. मामांची माती मुरमाड, ती जागची हलली नाही. तुमच्याच रानाने बांध ओढला."

काकांनी भेगेत बोट घातलं. बोटाला लागलेली माती चिमटीत चोळली. वास घेतला. मग सावकाश वर बघितलं.

"ही माझ्या रानातली माती हाये."

"मामांनीच आणली ना, तुमची तुमच्या बाजूला…" मी बोलत गेले आणि मध्येच थांबले. मामा खिडकीबाहेर बघत होते.

"दादा. माझ्या रानातली माती कधी न्हेली तू?"

"दसऱ्याला आल्तो तवा."

"इचारलं का मला?"

"तू झोपला व्हता."

काकू हसायला लागल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना. "म्हणजे बांध न्हाई सरकवला, रानच पिशवीत घालून आणलं!" नवरा खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत टॉवेलांमध्ये गेला.

मला वाटलं, आता काका शेंगा परत घेऊन एसटी पकडणार. पण काका अजून बोटावरच्या मातीकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच येत होतं.

"पाहा," ते म्हणाले, "चिमूटभर माती, पर वाळली तर बांध ओढून न्हेती. हिला म्हणत्यात भारी रान. तुझ्या मुरमाला काय भेग पडणार?"

"माझ्या रानात बी पडत्यात भेगा," मामा म्हणाले.

"कुठं? दाखव."

मामांनी सगळं रान धुंडाळलं. भेग नव्हती. रान चांगलं कुणाचं, हा वाद वाटणीच्या दिवसापासून चालू आहे असं मी ऐकून होते. तो माझ्या फळीवर, भिंगाखाली मिटला. मामा हरले, पण चोर ठरण्यापेक्षा मुरमाड ठरणं बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आता बांध कसा आणायचा जागेवर?" मी विचारलं. माझ्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

काकांनी बाह्या वर केल्या. "सोपं हाये. पाणी द्यायचं. ओली झाली की फुगंल, मऊ पडंल. मंग ढकलायचा."

"काका, रूळ, वायरी…"

"रान माझं हाये का तुझं?"

नवऱ्याने इस्त्रीची पाण्याची बाटली आणून दिली. काका फवारायला लागले. एका जागी जास्त नको, हळूहळू, वरच्या कडेकडून खाली. मामा दुसऱ्या बाजूने बघत होते, "तिकडं कोपऱ्यात न्हाई पोचलं." मग त्यांनीही वाटीने थोडं थोडं सोडलं. माती पाणी पीत राहिली. तोपर्यंत काकूंनी खाली जाऊन शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून आणल्या. आम्ही पाचही जण पलंगाभोवती बसून शेंगा खाल्ल्या आणि बांधाची वाट बघितली. कार्यक्रमात हे नव्हतं. मी ते नंतर वहीत भरलं : 'पाणी पाळी व शेंगा, सव्वा तास.'

साडेबाराच्या पुढे माती लोण्यासारखी झाली. मी स्वयंपाकघरातून पातळ उलथनं आणलं, बांधाखाली सरकवलं. एकीकडून मामांनी फूटपट्टी लावली, दुसरीकडून काकांनी हाताचा तळवा. "हां, हां, दम धर." "तू ढकलू नको, वढतो मी." "अजून एक सूत." मी फितीवर डोळा ठेवून होते. पंच्याहत्तरला मी "थांबा" म्हटलं, आणि दोघं एकदम थांबले.

काकांनी रुळावरची टोपी उचलली. तिच्यावर इंजिनाच्या बाजूने तेलाचा एक ठिपका पडला होता. त्यांनी ती तशीच घातली.

मामांनी झेंडी वर केली. मी बटण फिरवलं. निळं इंजिन बोगद्यातून बाहेर आलं, वळण घेतलं, काकांच्या रानामागून निघालं, बांधाजवळ आलं आणि बंद पडलं. फलाट पुढे एक वीत.

मी काय विसरले ते त्याच क्षणी कळलं. रूळ पुसले होते दहा वीसला. त्यानंतर तिथे ओलीत झालं होतं, आणि रुळांवर धावड्याची काळी माती बसली होती.

मामांनी झेंडी खाली केली. "थांबली," ते म्हणाले. "अलीकडंच थांबली." असं म्हणाले की जणू त्यांना हे चाळीस वर्षं माहीत होतं.

मी फडकं शोधायला वळले. फडकं यादीप्रमाणे कॉटखाली असायला हवं होतं, पण ते काकूंनी शेंगांचं पातेलं धरायला नेलं होतं. वळून बघते तर काका फळीवर ओणवे झालेले, डोळा रुळांच्या पातळीला, आणि उजव्या हाताची तर्जनी शेवटच्या डब्यामागे. बंद पडलेल्या जीपला देतात तसा, पण एका बोटाने, त्यांनी धक्का मारला. इंजिन कुरकुरलं, एकदा हललं, कोरड्या रुळावर चढलं आणि आपलं आपण निघालं. मी धावत जाऊन बटण बंद केलं. तिसरा डबा पाटीसमोर थांबला.

कुणी टाळी वाजवली नाही. मामा हळूच म्हणाले, "आली का रे?"

काका कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "आली," ते म्हणाले. "पर धक्का माराया लागला."

"आली म्हणला ना?"

"म्हणलो की. डोळ्यानं पाहून राह्यलो."

"सूनबाई, लिहून घे. एक वाजून…"

"एक तीस," मी म्हटलं. वहीत आहे. शेजारी काकांची सही आहे. त्यांनी सही बांधाच्या मोजणीखाली करायची होती, ती चुकून या ओळीखाली केली आणि मी ती दुरुस्त करायला सांगितली नाही.

निघताना काका चपला घालून पुन्हा वर आले. म्हणाले, "फलाटावर माणसं कुठं हायेत?"

"करणार आहे. यादीत आहेत. मामांना आधी उभं करते, झेंडी घेऊन."

"त्याला कर उभा. मला उभा करू नको." जिन्याकडे वळले. "मला डब्यात बसव."

त्यानंतर यादीतली अठरा कामं पूर्ण झाली. माती खरवडून, खाली नेऊन, वेगळ्या कढईत भाजून पुन्हा बसवली. मामांनी या वेळी विरोध केला नाही, फक्त दोन्ही मातींची कढई वेगळी असावी असं सुचवलं. मामा फलाटावर उभे आहेत, काडीपेटीच्या काडीचे, धोतर टिश्यू कागदाचं. काकाही तयार आहेत. डब्याचं छत उघडून मी त्यांना सीटवर बसवूनही बघितलं. पण टोपी वर लागते आणि छत बंद होत नाही. मी फोन करून विचारलं की टोपी काढून मांडीवर ठेवली तर चालेल का. काका म्हणाले, बिलकुल न्हाई, टोपी फक्त रुळावर ठेवण्यापुरती निघती.

आता सीट तासून पातळ करावी लागेल. दर रविवारी दहा वाजता धावड्याहून फोन येतो, "बसलो का मी?" आणि मी म्हणते, "अजून नाही, काका." वहीत काम क्रमांक एकोणीस असा आहे :

काका, डब्यात बसवणे. टोपीसह. डावीकडची खिडकी, बांध दिसेल अशी. बाकी.